४एस आधी की ३डी?

अकरावीच्या वर्गात अणुरचनेचा पाठ चालू असताना एक दिवस हमखास येतो. फळ्यावर १एस, २एस, २पी, ३एस, ३पी, ३डी अशी नावे पायऱ्यापायऱ्यांनी मांडली जातात आणि त्यांवरून तिरपे बाण ओढले जातात. बाणांच्या दिशेने जात राहिले की इलेक्ट्रॉन कुठल्या क्रमाने 'भरायचे' ते आपोआप कळते. ३पी झाले की ४एस, आणि ४एस झाले की मग ३डी. मुले वहीत बाण काढून घेतात, दहा-बारा मूलद्रव्यांची संरूपणे लिहितात, आणि सगळे सुरळीत चालले आहे असे वाटते.

पुढच्या आठवड्यात लोहाचा आयन येतो. लोहाचा अणुअंक २६. आतल्या १८ इलेक्ट्रॉनांनंतर त्याचे संरूपण ४एसमध्ये २ आणि ३डीमध्ये ६. या अणूने २ इलेक्ट्रॉन गमावले की ते कुठले जातात? पुस्तक सांगते, ४एसमधले. आणि मागच्या बाकावरून एखादी मुलगी विचारते, "बाई, ४एस आधी भरलं म्हणजे ते खालच्या ऊर्जेचं ना? मग वरच्या ३डीतला इलेक्ट्रॉन सोडून खालच्यातला आधी कसा जाईल?"

प्रश्न बिनतोड आहे. आपल्याकडचे ठरलेले उत्तर असे, की "४एस हे कवच बाहेरचे आहे, म्हणून ते आधी जाते." पण मग बाहेरचे कवच आधी भरले तरी कसे, हे ती विचारत नाही, कारण तोवर तास संपलेला असतो. आम्हीही कित्येक वर्षे हेच उत्तर देत आलो. खरे पाहता विद्यार्थिनीच्या तर्कात काही चूक नाही. चूक तिला दिलेल्या गृहीतात आहे. स्कँडियमपासून पुढच्या अणूंत ४एस ही ३डीपेक्षा खालची पातळी असतेच असे नाही. ते कसे, हे समजून घेण्यासाठी क्वांटम अंकांपासून सुरुवात करावी लागेल.

वर्गात आपण सहसा क्वांटम अंकांची तुलना पत्त्याशी करतो. एन हा मुख्य अंक म्हणजे चाळीचा मजला, एल म्हणजे त्या मजल्यावरचा भाग, एम म्हणजे खोली, आणि चौथा स्पिनचा अंक म्हणजे खोलीतल्या दोन खाटांपैकी एक. एका खाटेवर एकच बिऱ्हाडकरू, हे पाउलींचे तत्त्व. मोजणीपुरती ही उपमा चांगली आहे. एन ठरला की एलच्या किमती ० पासून एन वजा १ पर्यंत. एल ठरला की एमच्या किमती उणे एलपासून अधिक एलपर्यंत. आणि स्पिन अधिक १/२ किंवा उणे १/२. यावरून एसमध्ये २, पीमध्ये ६, डीमध्ये १० आणि एफमध्ये १४ जागा निघतात. आवर्तसारणीच्या ठोकळ्यांची रुंदी मोजून पाहा, हेच आकडे सापडतील.

परंतु हे अंक आले कुठून? तंबोऱ्याची तार छेडली की ती एका बाकात कंप पावते, मधोमध हलका स्पर्श केला तर दोन बाकांत, योग्य जागी केला तर तीन बाकांत. अडीच बाकांत ती कंप पावत नाही, कारण तिची दोन्ही टोके बांधलेली असतात. पूर्णांक कोणी बाहेरून लादलेले नसतात, ते बंधनातून येतात. अणूतला इलेक्ट्रॉन हीसुद्धा केंद्रकाच्या आकर्षणाने बांधलेली लहर आहे असे मानून १९२६ साली श्रोडिंगर यांनी जे समीकरण मांडले, त्यातून एन, एल आणि एम हे तिन्ही अंक तसेच बाहेर पडतात. लहर तीन मितींतली, म्हणून अंकही तीन.

चौथ्या अंकाची गोष्ट निराळी. तो या समीकरणातून निघत नाही आणि श्रोडिंगरांच्या आधी वर्षभर तो वर्णपटांच्या अभ्यासातून पुढे आला होता. १९२४ मध्ये स्टोनर यांनी कवचांतल्या जागांची नेमकी मोजणी दिली. १९२५ मध्ये पाउलींनी इलेक्ट्रॉनला दोनच किमती घेणारा एक जास्तीचा अंक जोडला आणि कुठल्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही अंक सारखे असू शकत नाहीत असा नियम घातला. हा अंक म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगची फिरकी, असे त्याच वर्षी उलेनबेक आणि गाउडस्मिट या लायडनच्या दोन तरुणांनी सुचवले. त्याआधी, १९२२ मध्ये, श्टेर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत चुंबकीय क्षेत्रातून सोडला होता आणि तो दोन भागांत फुटलेला त्यांना दिसला होता. तो स्पिनचा परिणाम होता हे मागाहून उमगले. गोल फिरणाऱ्या भोवऱ्याचे चित्र मात्र मुलांसमोर फार ताणू नये. स्पिन हा गुण प्रभारासारखाच इलेक्ट्रॉनला मुळातून असतो.

आता मुद्द्याकडे येऊ. श्रोडिंगर समीकरण कागदावर नेमके सुटते ते हायड्रोजनसाठी, म्हणजे एकच इलेक्ट्रॉन असताना. तिथे ऊर्जा केवळ एनवर अवलंबून असते. इलेक्ट्रॉन अणूपासून पूर्ण सुटला की त्याची ऊर्जा शून्य धरतात, म्हणून बांधलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा उणे असते, आणि हायड्रोजनमध्ये ती उणे १३.६ भागिले एनचा वर्ग इतके इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. एन ३ असेल तर उणे १.५१, मग ते ३एस असो, ३पी असो वा ३डी (अगदी सूक्ष्म फरक सोडून देऊ). एन ४ असेल तर उणे ०.८५. म्हणजेच हायड्रोजनमध्ये ४एस ही ३डीपेक्षा चांगलीच वर आहे. फळ्यावरचे तिरपे बाण हायड्रोजनला लागू नाहीत, हे आपण सहसा सांगत नाही.

मग एस, पी आणि डी यांच्या ऊर्जेत फरक पडतो कशाने? याचा पुरावा स्वयंपाकघरात आहे. आमटी उतू जाऊन गॅसवर सांडली की निळी ज्योत एकदम पिवळी होते. ती मिठातल्या सोडियमची करामत. सोडियमच्या अकराव्या इलेक्ट्रॉनची नेहमीची जागा ३एस. ज्योतीच्या उष्णतेने तो ३पीमध्ये जातो आणि परतताना पिवळा प्रकाश देतो. त्या प्रकाशाची तरंगलांबी ५८९ नॅनोमीटर, म्हणजे ऊर्जा २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. मुख्य अंक दोन्हीकडे ३ च आहे. हायड्रोजनप्रमाणे ३एस आणि ३पी सारख्याच ऊर्जेच्या असत्या, तर हा पिवळा रंग आपल्याला दिसलाच नसता.

सोडियमच्या त्या एकट्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनसाठी वर्णपटावरून मिळालेले आकडे असे आहेत: ३एस उणे ५.१४, ३पी उणे ३.०४, ४एस उणे १.९५ आणि ३डी उणे १.५२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. शेवटचा आकडा पुन्हा पाहा. हायड्रोजनच्या ३डीचा आकडा उणे १.५१ होता! ११ प्रोटॉनांच्या अणूत राहूनही ३डीतला इलेक्ट्रॉन जणू हायड्रोजनमध्येच आहे.

कारण असे, की डीच्या लहरीला कोनीय संवेग जास्त असतो आणि त्यामुळे ती केंद्रकापासून दूर राहते. सोडियममध्ये ती आतल्या १० इलेक्ट्रॉनांच्या जवळजवळ पूर्णपणे बाहेर असते. ते १० इलेक्ट्रॉन ११ प्रोटॉनांना झाकून टाकतात आणि डीच्या वाट्याला ११ वजा १०, म्हणजे एकाच प्रोटॉनचे आकर्षण उरते. याउलट एसच्या लहरीचा एक लहानसा वाटा थेट केंद्रकापर्यंत पोचतो. तिथे झाकणारे कोणी नसते, पूर्ण ११ प्रोटॉनांची ओढ जाणवते, आणि तेवढ्या वाट्यानेही ऊर्जा बरीच खाली येते. पीचा वाटा मधला. याच कारणाने सोडियममध्ये ४एस ही ३डीच्या खाली गेली आहे.

पोटॅशियममध्ये हाच प्रकार पुढे चालतो. १८ इलेक्ट्रॉन आत, एकोणिसावा बाहेर. त्याच्यासाठी ४एस उणे ४.३४ तर ३डी उणे १.६७, फरक २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. म्हणून तो ४एसमध्ये जातो. कॅल्शियमचा विसावाही तिथेच. इथपर्यंत फळ्यावरचे बाण बरोबर आहेत, कारणासकट बरोबर आहेत.

गंमत पुढे आहे. इलेक्ट्रॉनांची संख्या १९ च ठेवू आणि केंद्रकातले प्रोटॉन एकेक वाढवत जाऊ. ही कल्पनेतली कसरत नाही. असे आयन प्रत्यक्ष बनतात आणि त्यांचे वर्णपट मोजलेले आहेत. आत १८ इलेक्ट्रॉनांचा तोच गाभा, बाहेर एकच इलेक्ट्रॉन. तो कुठे बसतो ते पाहू.

पोटॅशियम, १९ प्रोटॉन: ४एस खाली, ३डी तिच्यावर २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.
कॅल्शियमचा +१ आयन, २० प्रोटॉन: ४एस खाली, ३डी तिच्यावर १.७.
स्कँडियमचा +२ आयन, २१ प्रोटॉन: ३डी खाली, ४एस तिच्यावर ३.२.
टायटॅनियमचा +३ आयन, २२ प्रोटॉन: ३डी खाली, ४एस तिच्यावर सुमारे १०.

इलेक्ट्रॉन तितकेच, गाभा तोच, आणि तरीही दोन पातळ्यांनी जागा बदलल्या. प्रोटॉनांची ओढ वाढत गेली तशी ३डीची लहर आक्रसून गाभ्यात शिरली. आत शिरल्यावर तिच्यावरचे झाकण विरळ झाले, ओढ आणखी वाढली, ती आणखी आक्रसली. केंद्रकाचे आकर्षण इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या ढकलाढकलीपेक्षा जितके वरचढ होईल, तितका अणू हायड्रोजनच्या वळणावर जातो, आणि हायड्रोजनमध्ये एन ३ हा एन ४ च्या खालीच असतो हे आपण पाहिलेच आहे.

चाळीची उपमा इथे निकामी होते. चाळीत मजले आधी बांधलेले असतात आणि बिऱ्हाडे मागून येतात. तिसरा मजला कधी चौथ्याच्या वर जात नाही. अणूत खोल्यांची उंची राहणाऱ्यांवर आणि केंद्रकावर ठरते. मुळात 'ऑर्बिटल' ही कल्पनाच, एकाहून जास्त इलेक्ट्रॉन असताना, अंदाजी आहे: प्रत्येक इलेक्ट्रॉन बाकी सर्वांच्या सरासरी क्षेत्रात राहतो असे मानून ती मिळते. १९२८ मध्ये हार्ट्री यांनी या मार्गाने अणूंची गणिते करायला सुरुवात केली. एक इलेक्ट्रॉन हलवला की ती सरासरी बदलते, आणि तिच्याबरोबर पातळ्याही.

आता खुद्द स्कँडियम घेऊ आणि उघड्या गाभ्यात, म्हणजे +३ आयनात, एकेक इलेक्ट्रॉन सोडू. पहिला जातो ३डीमध्ये. हे वर आलेच. दुसरा? मोजलेले उत्तर असे, की तो ४एसमध्ये जातो: +१ आयनाचे संरूपण ३डीमध्ये १, ४एसमध्ये १. तिसराही ४एसमध्ये, आणि पूर्ण अणू झाला ३डीमध्ये १, ४एसमध्ये २. म्हणजे आधी ३डी आली, मग ४एस. आपल्या बाणांच्या नेमके उलट.

पण ३डी खाली असेल, तर तिन्ही इलेक्ट्रॉन तिथेच का गेले नाहीत? तिथे जागा तर १० आहेत. कारण ३डी ही आक्रसलेली, दाटीची जागा आहे. तिथे दोन इलेक्ट्रॉन एकत्र आले की त्यांचे एकमेकांना ढकलणे फार महागात पडते. ४एस वर असली तरी ऐसपैस पसरलेली आहे. तिथे गेलेल्याला आतल्यांचा त्रास कमी. गणेशोत्सवात मांडवाच्या पुढच्या रांगेत कोंबून बसण्यापेक्षा मागे मोकळ्या जागी बसणे माणूस पसंत करतो, तसेच काहीसे. स्कँडियमच्या अणूत ४एसमधला एक इलेक्ट्रॉन ३डीमध्ये नेऊन बसवायचा तर १.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खर्चावे लागतात. हिशेब एकट्या इलेक्ट्रॉनच्या पातळीचा नसतो, अख्ख्या अणूच्या एकूण ऊर्जेचा असतो.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आता सरळ आहे. स्कँडियमच्या पुढे ३डीतले इलेक्ट्रॉन खाली, आत, घट्ट धरलेले असतात आणि ४एसमधले वर, बाहेर, सैल. सैल असतील ते आधी जातात. लोहाचा अणू ३डीमध्ये ६, ४एसमध्ये २. त्याचा +१ आयन ३डीमध्ये ६, ४एसमध्ये १. +२ आयन ३डीमध्ये ६. आणि +३ आयन ३डीमध्ये ५. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह +२ असते आणि गंजात +३, पण ४एसचे इलेक्ट्रॉन दोन्हीकडे नसतात.

गोंधळ होतो तो 'भरणे' या शब्दाने. आवर्तसारणीत एक घर पुढे सरकलो की इलेक्ट्रॉनाबरोबर एक प्रोटॉनही वाढतो. प्रत्येक घर हा नवा अणू असतो. आयन होताना मात्र प्रोटॉन तितकेच राहतात. हे दोन वेगळे प्रवास आहेत, एकाच रस्त्याने जाणे-येणे नव्हे. क्रोमियमच्या अणूत २४ इलेक्ट्रॉन आणि लोहाच्या +२ आयनातही २४. पहिल्यात ३डीमध्ये ५ व ४एसमध्ये १, दुसऱ्यात ३डीमध्ये ६ व ४एस रिकामी. लोहाचे दोन इलेक्ट्रॉन काढले म्हणजे तो क्रोमियम होत नाही, हे मुलांना एकदा असे शेजारी शेजारी लिहून दाखवले की पटते.

क्रोमियमचे नाव निघालेच आहे, तर 'अर्धी भरलेली डी स्थिर असते' या वाक्याबद्दलही बोलू. क्रोमियम आणि तांबे यांच्यापुरते ते चालून जाते. सारख्या स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळतात आणि त्यामुळे ऊर्जा थोडी वाचते, इतका त्यात तथ्यांश आहे. पण एक ओळ खाली उतरा. निओबियममध्ये ४डीमध्ये ४ आणि ५एसमध्ये १. इथे अर्धे काहीच भरत नाही, तरी ५एसमधला एक इलेक्ट्रॉन उचलला गेला आहे. पॅलेडियममध्ये तर ४डीमध्ये १० आणि ५एस पूर्ण रिकामी. मॉलिब्डेनम क्रोमियमसारखा वागतो, पण त्याच्याच खालचा टंगस्टन ५डीमध्ये ४ आणि ६एसमध्ये २ ठेवतो, 'अर्ध्या भरलेल्या'चा मोह त्याला पडत नाही. जे कारण चार ठिकाणी लागू पडत नाही, ते कारण म्हणून ठासून शिकवू नये असे आमचे मत आहे. या जागी दोन पर्यायांच्या ऊर्जा अगदी जवळजवळ असतात आणि कौल कुठल्या बाजूने पडेल हे बारीक हिशेबावर ठरते, एवढे सांगणे जास्त प्रामाणिकपणाचे.

तिरप्या बाणांचे काय करायचे? ते पुसण्याची गरज नाही. एन अधिक एल यांची बेरीज लहान ती पातळी आधी, हा नियम मॅडेलुंग यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी तो १९३६ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे वीस मूलद्रव्ये वगळता उदासीन अणूचे संरूपण तो बरोबर देतो आणि आवर्तसारणीच्या ओळींची लांबीही देतो. पण तो निरीक्षणावरून बसवलेला नियम आहे. मूळ सिद्धांतातून तो सिद्ध झालेला नाही, अशी तक्रार लोडिन या स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये केली होती. तेव्हा बाणांच्या शेजारी 'लक्षात ठेवण्याची युक्ती' असे लिहावे, 'ऊर्जेची शिडी' असे लिहू नये. बाणांवरून संरूपण काढून झाले की ते एनच्या क्रमाने पुन्हा मांडायला सांगावे: आधी ३डी, शेवटी ४एस. मग आयन करताना उजवीकडून काढत जायचे. परीक्षेतही हीच मांडणी चालते आणि विद्यार्थ्याला दोन परस्परविरोधी नियम पाठ करावे लागत नाहीत.

बारावीच्या चौकस विद्यार्थ्यांसाठी एक कोडे देऊन ठेवतो. आता ५५ इलेक्ट्रॉन घ्या: ५४ चा गाभा आणि बाहेर एक. सीझियममध्ये तो ६एसमध्ये आहे, बेरियमच्या +१ आयनातही ६एसमध्येच. लँथॅनमच्या +२ आयनात तो ५डीमध्ये जातो, आणि सीरियमच्या +३ आयनात ४एफमध्ये. प्रोटॉन ५५ पासून ५८ पर्यंत वाढले एवढ्यात त्याचे घर दोनदा बदलले. सहाव्यातून पाचव्यात आणि पाचव्यातून चौथ्यात तो का गेला असेल, हे त्यांनी सोडियम आणि स्कँडियमचे आकडे समोर ठेवून स्वतःच्या शब्दांत लिहून आणावे.